भिरभिऱ्यात दोन मिळवा

मित्रांनो, मी एक जुना वायुवेगमापक आहे. घाबरू नका, नावच तेवढे भारदस्त आहे. एका दांडीवर तीन वाट्या, वारा आला की गोल फिरायचे, एवढेच माझे काम. म्हणून डोंगरावरचे सगळे मला 'भिरभिरे' म्हणतात.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या चष्मेवाल्या कारागिराने मला मोठ्या पंख्यासमोर दिवसभर फिरवले. पंख्याचा वेग आणि माझा आकडा तंतोतंत जुळेपर्यंत तो माणूस जेवलासुद्धा नाही. त्याचे उपकार मी कसे विसरू?

मग मी या डोंगरावर आलो. इथे चाळीस पवनचक्क्या आहेत. त्यांच्यापुढे मी म्हणजे हत्तीपुढे मुंगी! पण माझ्या आकड्याची आणि हवामान खात्याच्या कागदाची सांगड घालूनच ताई रोज सकाळी ठरवते, की आज संध्याकाळी डोंगर किती वीज देणार. ताई म्हणजे आमची ऑपरेटर. माझा खांब तिच्या खोलीला लागूनच आहे, त्यामुळे आतले सगळे मला ऐकू येते.

ताई तो अंदाज पन्नासरावांना फोनवर सांगते. साऱ्या देशात जितकी वीज वापरली जाते, तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. तसे झाले तरच नियंत्रण कक्षातला विजेच्या वारंवारतेचा काटा पन्नासवर राहतो. त्या काट्यावर डोळा ठेवून बसणारे म्हणून ते पन्नासराव. त्यांचा आवाज एवढा खणखणीत, की फोन नसता तरी चालले असते.

"वाऱ्यावर भरवसा ठेवायचा?" ते म्हणायचे. "भरवशाच्या म्हशीला टोणगा!"

ताईने दोन वर्षे अचूक अंदाज देऊन त्यांचे मन वळवले. पण त्याच काळात माझ्या बेअरिंगमध्ये धूळ शिरली. माझे सांधे धरले. सेकंदाला आठ मीटरचा वारा असला तरी मी कण्हतकुथत सहा दाखवू लागलो. मला दुरुस्त करायला कुणाला सवड नव्हती, म्हणून मंडळींनी एक सोपी युक्ती काढली. "भिरभिऱ्यात दोन मिळवा," असे ठरले आणि ते सर्वांच्या अंगवळणी पडले. अंदाज बरोबर यायचे, पण मला मात्र फार वाईट वाटायचे.

एके दिवशी एका मोठ्या वीजकेंद्राचा बॉयलर बंद पडला. त्या संध्याकाळची तूट भरून काढण्याचे काम पहिल्यांदाच आमच्या डोंगराला मिळाले. पन्नासरावांनी बजावले, "ताई, आकडा चुकला तर शहराचे भाग बंद करावे लागतील. आणि मग तुमचा डोंगर मी पुन्हा हिशेबात धरणार नाही."

नेमके त्याच दिवशी सकाळी आमचे मेकॅनिकमामा खांबावर चढले. त्यांनी माझी धूळ झाडली, नवे बेअरिंग बसवले. काय सांगू, मला बालपण परत मिळाले! मामांनी नोंदवहीत एक ओळ लिहिली आणि ते दुसऱ्या पवनचक्कीकडे गेले. मी खरा वेग दाखवला, आठ. ताईने सवयीने दोन मिळवले आणि साठ मेगावॅटचा अंदाज कळवला.

दुपारी सव्वादोनला तिने नोंदवही उघडली. मामांची ती ओळ वाचताच तिने त्यांना बोलावून घेतले.

"मामा, बेअरिंग बदललंत? सांगायचं तरी!"

"अगं, त्यात काय सांगायचं? नीट फिरतंय ना आता?"

"नीटच फिरतंय हो. मीच दोन वाढवले!"

दोनाचा फरक छोटा वाटतो, पण तेवढ्याने वीज निम्म्यावर येते. गप्प बसावे, वारा वाढला तर निभून जाईल, असे तिच्या मनात आले असेलच. तिचा हात फोनवर बराच वेळ तसाच होता. मग तिने नंबर फिरवला.

"साहेब, सकाळचा आकडा चुकला. साठ नाही, तीसच धरा. चूक माझी आहे."

मग पन्नासराव एवढेच म्हणाले, "दिवे लागायला चार तास आहेत. धरणावर कळवतो."

संध्याकाळी आम्ही एकोणतीस दिले. उरलेली वीज धरणाच्या पाण्याने दिली. खाली शहरात एकही दिवा विझला नाही, पण आता आपला डोंगर कुणी हिशेबात धरणार नाही, असे समजून ताई डोळे पुसत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"आजचा आकडा?"

"साहेब... आम्हाला काढलं नाहीत?"

"बॉयलर फुटतात, धरणं आटतात, वारा पडतो. कधी ना कधी सगळेच दगा देतात, ताई. आधी सांगणारे फार थोडे. चला, आकडा सांगा."

ताईने त्या दिवशी माझा आकडा जसाच्या तसा वाचला. मित्रांनो, एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. त्या कारागिराचा, मामांचा, ताईचा आणि हो, पन्नासरावांचाही मी ऋणी आहे.

तुम्हाला एकच विनंती. घरातले घड्याळ मागे पडत असेल, तर मनातल्या मनात दहा मिनिटे मिळवत बसू नका. त्याची धूळ पुसा, त्याला नीट करा. आणि तुमचा हिशेब चुकलाच, तर दिवे लागायच्या आधी फोन करा.