केबिनमधला मुका फोन

मेहुण्यानं सॉकेटचं झाकण चौथ्यांदा उघडलं, आतल्या तारांवर बॅटरीचा झोत टाकला आणि कपाळावर हात मारला.

“बाहेर फोनच्या बोर्डाकडे निळी जोडी, इथंही निळीच. तरी फोन मुका. दाजी, माझं तर डोकंच चालेनासं झालंय.”

दाजी हत्यारांची पिशवी घेऊन केबिनच्या दारात उभे होते. नात्यानं ते मेहुण्याच्या ताईचे यजमान, पण कामावर त्याच्याच हाताखालचे वायरमन. त्यामुळे बिचाऱ्याला ओरडायचं तरी ‘तुम्ही’ म्हणून ओरडावं लागे. आणि तो रोज ओरडे. दाजी एकेक तार आवाजाची डबी आणि पेन लावून तपासत बसत, ते पाहून त्याचं पित्त खवळे. रंगाला रंग जोडायचा, त्यात तपासायचं काय?

बाहेर मॅनेजरबाई घड्याळ बघत होत्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हा फोन वाजला नाही तर अख्ख्या ऑफिसचं काम दुसऱ्याला देईन, असं त्यांनी सकाळीच सुनावलं होतं.

“दाजी, बसा इथं. नारिंगी जोडी लावून बघा, मी बोर्डाकडे जातो.”

दाजींनी वाकून तारांकडे पाहिलं. नारिंगी, हिरवी, तपकिरी, त्यांना सगळ्या सारख्याच मातकट दिसत. नऊ वर्षं त्यांनी हे कामावर झाकून ठेवलं होतं.

“रंग राहू दे,” ते म्हणाले. “बोर्डावर केबिनच्या नंबराला ही डबी लाव.”

“आता पुन्हा ते कुईकुई?”

“लाव तर.”

मेहुण्यानं चरफडत डबी लावली. डबी तारेत आवाज सोडते. दुसऱ्या टोकाला नेमकी तीच तार असेल तरच पेन बोलतं. दाजींनी पहिल्या, निळ्या जोडीवर पेन धरलं. ढिम्म. दुसरीवर, तेच. तिसरीवर मात्र ते असं केकाटलं, की बाई आत आल्या.

“वर छतात कुणीतरी मधेच जोड दिलाय, आणि रंगांची खिचडी केलीय,” दाजी म्हणाले. त्यांनी तिसरी जोडी सॉकेटात दाबली. मेहुण्यानं तिकडून नंबर फिरवला, आणि टेबलावरचा फोन खणखणला. बाई चक्क हसल्या. दाजींची छाती शर्टात मावेना.

मेहुणा धावत आला.

“हिरवीवर लाइन? तुम्हाला हिरवीचा संशय आलाच कसा?”

“हिरवी होती का ती?” दाजी म्हणाले. “मला लाल-हिरव्यातलं काही कळत नाही रे. जन्मापासून.”

मेहुण्यानं सॉकेटातली हिरवी जोडी बघितली, मग दाजींकडे.

“ताईला माहितीये?”

“लग्नाआधीपासून.”

“आणि मला दोघांनी सांगितलं नाही.”

“सांगितलं असतं तर कामावर ठेवलं असतंस?”

मेहुण्यानं काहीतरी गोड बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

“नसतं ठेवलं,” तो म्हणाला.

जेवणानंतर उरलेले अठरा सॉकेट होते. बोर्डासमोर डबी लावायला मेहुणा फरशीवर मांडी घालून बसला, मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. पलीकडच्या खोलीतून कुईकुई ऐकू आलं.

“कुठली बोलली, दाजी? नारिं—” तो थांबला. “डावीकडून कितवी?”

“चौथी,” दाजी म्हणाले.

त्यानं वहीत चार लिहिलं.