आतली कड

मी एका पांढऱ्या फियाटच्या पुढच्या डाव्या चाकाचा टायर बोलतोय. वेळ थोडा आहे, म्हणून बालपण एका दमात सांगतो. कारखान्यात रबराच्या उग्र वासात जन्मलो, अंधेरीच्या एका दुकानाबाहेर चार महिने टांगून राहिलो आणि सत्याऐंशीच्या दिवाळीत विद्याधरने मला घरी आणलं.

विद्याधर मरोळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. कागदावर केसाइतकी चूक खपत नाही त्याला. पण कुठल्याशा परदेशी मासिकात त्याने शर्यतीच्या गाड्या पाहिल्या आणि आपलीही गाडी तशीच जमिनीला टेकलेली हवी, असं खूळ डोक्यात घेतलं. त्याचा दोस्त अनंत गॅरेजवाला. त्याच्याकडून त्याने मूळची चौदा इंची चाकं काढून तेराची रुंद चाकं बसवली, त्यांतल्या एकावर मला चढवलं आणि पुढच्या स्प्रिंगांचे वेढे कापून घेतले. गाडी खाली बसली. पुढची दोन्ही चाकं मात्र वरून आत झुकली.

"विद्या, कॅम्बर गेला रे," अनंत म्हणाला. "टायर आतनं खाणार. थांब तासभर, चाकं उभी करून देतो."

"राहू दे ना यार, अशीच झकास दिसते!"

"ही मोटार की जेवायचा पाट?" विद्याधरची आई वनमालाबाई बसताना कुरकुरल्या. त्यांचंही कुणी ऐकलं नाही.

तेव्हापासून सगळा भार माझ्या आतल्या कडेवर. दीड वर्षात तिथलं रबर झिजून नायलॉनचे धागे उघडे पडलेत. बाहेरून मात्र मी ठणठणीत. दर रविवारी विद्याधर मला धुतो, काळं पॉलिश लावतो, बाहेरच्या खाचेत अंगठा घालतो आणि म्हणतो, "अजून नवा आहे." संताप होतो हो माझा!

आज मंडळी लग्नाला कणकवलीला निघालीत. वाटेत कशेडीचा घाट आहे. माझ्या बाजूच्या सीटवर त्याची बायको शुभा बसणार, मांडीवर सहा वर्षांची माणिक.

मघाशी शुभाने बॉनेटवर हार घातला, मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग चाकाखाली लिंबू ठेवायला वाकली. गाडी इतकी खाली, की तिला जमिनीवर बसून हात आत घालावा लागला. तिची बोटं माझ्या धाग्यांना लागली. वाटलं, आता तरी कळेल.

"अहो, इथे दोरे लोंबतायत."

"कचरा अडकला असेल गं. काढून टाक. उशीर होतोय."

तिने ते दोरे ओढून तोडले, फेकले आणि लिंबू ठेवलं.

शुभा, तो कचरा नव्हता गं! विद्याधर, एकदा उतर. स्टिअरिंग पुरतं फिरव आणि माझ्या पुढ्यात वाक. एवढंच कर रे!

इंजिन सुरू झालं. "सावकाश घे रे बाबा," मागून वनमालाबाई म्हणाल्या. लिंबू फुटलं आणि त्याचा रस उघड्या धाग्यांत चरचरत गेला.

पनवेलपर्यंत मी कसाबसा टिकेन. तिथे ते चहाला थांबतील. जमिनीला टेकलेली पांढरी फियाट दिसली, पुढे झेंडूचा हार आणि खिडकीत दोन वेण्यांची मुलगी, तर हात जोडतो, लोकांनी तुम्हाला वेडं म्हटलं तरी चालेल, पण खाली वाकून मला आतून बघा. घाट त्याच्या पुढे आहे.