पुसलेले एकतीस फोटो

बाळांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानात खिडकीशी उभे आहात. खाली रस्ताभर माणसं घोषणा देताहेत. शेजारी तुमची आत्या आहे, गळ्यात वर्तमानपत्राचं ओळखपत्र, डोळ्याला कॅमेरा. राहिलात उभे? आता जरा सरका, कारण ती जागा आपल्या खारूताईची. वय दहा, पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून हे नाव.

पण आत्ता ती खिळल्यासारखी उभी होती. शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका खाली दोन्ही रिकामे हात वर करून उभे होते, तरी त्यांच्या पाठीत पोलिसांची काठी बसली. मग त्यांना गाडीत कोंबलं आणि भोंग्यावरून कुणी तरी ओरडलं, "दगड मारणारा सापडला!"

"आत्या, खोटं आहे हे!"

"हो गं. सगळं टिपलंय मी."

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. पोलिसांचे एक साहेब आणि दोन शिपाई आत शिरले.

"आज इथे फोटो काढायला मनाई आहे. आणा तो कॅमेरा."

"लेखी हुकूम असेल तर दाखवा," आत्या म्हणाली. "रस्त्यावर जे घडतं ते टिपणं हे माझं काम आहे."

"काम? याला लुडबुड म्हणतात!" साहेबांनी कॅमेरा हिसकावला आणि अंगठ्याने एकेक फोटो पुसला. एकतीसच्या एकतीस. शिंपीआजोबांचं मशीन थांबलं. काकांच्या रिकाम्या हातांचा दुसरा पुरावा कुणाकडेच नव्हता.

मग साहेब एकदम गोड झाले. "बघा, कसं हसतखेळत मिटलं! ए पोरी, आत्याबरोबर आमचा एक झकास फोटो काढ. उद्या कुणी म्हणायला नको, की जबरदस्ती केली." त्यांनी कॅमेरा तिच्या हातात दिला.

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. ती काही बोलणार, तोच साहेब गुरकावले, "तुम्ही गप्प. आणि पोरी, नाही म्हणालीस तर कॅमेराच घेऊन जाईन."

खारूताईने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तिला आठवलं. आत्या नेहमी बजावायची, "पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तो परत मिळवता येतो. पण कॅमेऱ्यातल्या त्याच कार्डावर नवा फोटो काढलास, तर तो नेमका जुन्याच्या जागेवर जाऊन बसायचा."

बोट बटणावर होतं. तिने ते हळूच उचललं.

"काढला असता, साहेब. पण तुम्हीच म्हणालात ना, आज इथे फोटो काढायला मनाई आहे? मग मलाही गाडीत घालाल!"

शिंपीआजोबांना हसण्याचा ठसका लागला. एक शिपाई घाईघाईने भिंतीकडे वळला. साहेबांचे कान लालबुंद झाले.

"भारी आगाऊ आहे कार्टी! चला रे!"

बूट दाणदाण खाली उतरले. गाडी सुरू झाली, कोपऱ्यावरून वळली. आत्या मटकन स्टुलावर बसली.

आणि खारूताई? तिने कॅमेरा बंद केला, नखाने कार्ड उपसलं, शिंपीआजोबांच्या बटणांच्या रिकाम्या डबीत ठेवून झाकण घट्ट लावलं आणि आत्याचा हात ओढत म्हणाली, "ऊठ ना गं, काका तिकडे कोठडीत बसलेत!"