दहा फूट पाणी

म्हाताऱ्याला सगळे दहाफुटे म्हणत, आणि ते त्याला आवडायचं. तरुणपणी त्यानं स्वतः राबून दहा फूट खोल तळं खणलं होतं, आणि पुढची तीस वर्षं तो त्या दहा फुटांवरच जगला. लग्नात असो, मयतीत असो की न्हाव्याच्या खुर्चीत, विषय काहीही निघो, दहा फूट यायचेच. गाळ मात्र कुणाची भीडभाड ठेवत नाही. तो दरवर्षी थोडा थोडा बसत गेला.

लेकीला हे पक्कं ठाऊक होतं, कारण जाळं ओढायला पाण्यात तीच उतरायची. बाप गुडघे गेल्यापासून काठावर खुर्ची टाकून हुकूम सोडायचा. "एकदा तळं उपसून वाळवू, गाळ काढू, चुना टाकू," असं ती तीन वर्षं घसा कोरडा करून सांगत होती.

"माझं तळं कधी आटलं नाही," बापाचं उत्तर ठरलेलं. "मी आहे तोवर आटणारही नाही."

मग माशांना उवा झाल्या. मासे तळ्यात रोवलेल्या खुंटांना अंग घासू लागले, पाण्याबाहेर उड्या मारू लागले. लेकीनं एक धरून पाहिला, तर खवल्यांवर मसुराएवढे चपटे किडे फिरत होते. तिचा सगळा जीव त्यातल्या अकरा माद्यांत होता. सहा वर्षं तिनं त्या हातानं चारून वाढवल्या होत्या. यंदा त्यांच्या अंड्यांपासून ती पहिल्यांदाच स्वतःचं मत्स्यबीज काढणार होती. त्या घरात तिची म्हणावी अशी तेवढीच गोष्ट होती.

माशांचा डॉक्टर आला. हुशार माणूस, पण भिडस्त. उवा खुंटांवर अंडी घालतात, ते खुंट दर आठवड्याला काढून उन्हात वाळवा, नवे मासे आधी वेगळ्या टाकीत ठेवा, असं सगळं त्यानं नीट समजावलं. मग औषधाची मात्रा ठरवायला वही काढली.

"किती पाणी आहे ते बघावं लागेल. एखादा बांबू द्या."

"बांबू कशाला? दहा फूट. लिहा."

"बाबा, मध्ये गाळ बसलाय हो. आता निम्मंसुद्धा नसेल."

"तू गप्प बस. तळं मी खणलंय की तू?"

डॉक्टरनं लेकीकडं पाहिलं, मग म्हाताऱ्याच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं आणि दहा लिहिलं. वयाचा मान राखला म्हणे! असल्या मानापायी किती जीव जातात, ते कुणी लिहून ठेवत नाही.

सकाळी लेक औषधाची बादली घेऊन काठावर उभी राहिली. निम्मंच टाकावं, असं तिच्या मनात आलं.

"सगळं ओत," खुर्चीतून आवाज आला. "माझं लक्ष आहे."

तिनं सगळं ओतलं. त्या एका गोष्टीसाठी तिनं पुढं स्वतःला कधीच माफ केलं नाही.

दुपारपर्यंत उवा मेल्या. मासे वर येऊन तोंडं वासू लागले, तशी तिनं पंप लावून ताजं पाणी सोडलं, पण उपयोग झाला नाही. उन्हं कलेपर्यंत अकराच्या अकरा माद्या काठावर ओळीनं पडल्या होत्या, अंड्यांनी पोटं टम्म भरलेली. लेक त्यांच्याशेजारी बसून हमसून हमसून रडली.

बातमी कळताच डॉक्टर धावत आला. शेजारीपाजारी जमलेच होते. म्हातारा सगळ्यांसमोर गरजला, "भेसळीचं औषध दिलं यानं! माझं तळं नासवलं!"

डॉक्टरचा चेहरा पडला. "मी दहा फुटांची मात्रा दिली होती," तो चाचरत म्हणाला. "पाणी दहा फूटच आहे ना?"

सगळ्यांनी लेकीकडं पाहिलं. तिनं डोळे पुसले आणि कपड्यांनिशी पाण्यात शिरली. मेलेले मासे दोन्ही हातांनी बाजूला सारत ती तळ्याच्या बरोबर मध्यावर गेली, काठाकडं वळली आणि उभी राहिली. पाणी तिच्या छातीपर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं.

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. मग शेजाऱ्याकडं वळून म्हणाला,

"पोरगी उंच आहे माझी."