माझ्या पायाशी शून्य नाही

मित्रांनो, आधी चपला काढा, टाचा मागे टेकवा आणि मान सरळ ठेवा. माझ्यासमोर कोणी ढिले उभे राहिलेले मला चालत नाही. मी उंची मोजायची एक जुनी पट्टी आहे. पट्टी म्हटल्यावर दप्तरात मावेल अशी काही डोळ्यांपुढे आणू नका. खाली लोखंडी पाट, त्यावर उभा चौकोनी दांडा, दांड्यावर कोरलेले आकडे आणि माणसाच्या डोक्यावर येऊन टेकणारी सरकती फळी, असा माझा पसारा आहे. कोपरखैरण्यात रणझुंज अकादमीच्या दाराशी मी उभी असते. पोलीस व्हायला निघालेली पोरे-पोरी सगळ्यांत आधी माझ्याकडे येतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझा प्रत्येक आकडा दुसऱ्या मोठ्या मापाशी लावून पाहिला आणि मगच मला बाहेर सोडले. मी खाडीकाठच्या एका गावातल्या आरोग्य केंद्रात आले. तिथे माझ्या कपाळावर लाल रंगात ‘सरकारी मालमत्ता’ असे लिहिले गेले. पुतळाबाई नावाच्या नर्स मला सांभाळत. सोमवारी शाळेतली पोरे यायच्या आधी त्या खाली वाकत, ओल्या फडक्याने माझा पाय पुसत आणि शून्याचा आकडा स्वच्छ दिसतो ना ते बघत. “आदी तुजे पाय बगते, मंग लोकांची डोकी,” असे म्हणत आणि खोबरेल तेलाचा हात फिरवत. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही हे त्यांना ठाऊक होते.

पुतळाबाई निवृत्त झाल्या. केंद्रात बटण दाबले की आकडा सांगणारे यंत्र आले. मला मागच्या अंगणात नळाखाली ठेवले आणि सगळे विसरून गेले. चार पावसाळे माझा पाय चिखलात होता. तो सडला. वरून मी तशीच ताठ दिसत होते, म्हणून ते कोणाला कळले नाही.

तिथून भंगारात गेले आणि भंगारातून मला नंदकुमार सरांनी उचलले. सर स्वतः तीन भरत्यांत लेखी परीक्षेला आपटलेले होते आणि आता इतरांना भरतीसाठी तयार करत होते. माझ्या आकड्यांकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. त्यांना माझ्या कपाळावरची लाल अक्षरे आवडली. त्यांनी मला टेम्पोत टाकून रबाळ्याला सितारामच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये नेले.

सितारामने माझा पाय ठोकून पाहिला. गंजाचे पापुद्रे खाली पडले. “सर, खालचं सगळं गेलंय. दोन सेंटिमीटर कापून पाटाला जोडायला लागंल. पण मग शून्य न् एक जातंय. माप दोनपासून सुरू होईल. आकडे नवीन मारून घ्या.”

सरांनी जरा विचार केला आणि हसले. “राहू दे. पोरं दोन सेंटिमीटरनं वाढली तर कुणाचं काय बिघडतं? नाव घालताना हुरूप येतो.”

सितारामने खांदे उडवले आणि माझा पाय कापला. त्या दिवसापासून एकशे चोपन्न सेंटिमीटरचे माणूस समोर उभे राहिले की मी एकशे छप्पन्न सांगते.

मित्रांनो, मला लाज वाटली असेल असे तुम्हाला वाटेल. खोटे कशाला सांगू? नाही वाटली. नळाखाली कुजून मी आता नव्या रंगात दाराशी उभी होते. पोरे मला ‘लकी पट्टी’ म्हणत. फळी डोक्यावर ठेवून फोटो काढत. जी मुळातच उंच होती ती पोलिसात भरती झाली, ट्रेनिंगला गेली आणि त्यांचे खाकीतले फोटो माझ्या शेजारच्या बोर्डावर लागले. जी काठावरची होती ती मैदानावरून मान खाली घालून परत आली. सर त्यांना एकच वाक्य ऐकवत, “घाबरलास. गुडघे वाकवलेस.” आणि ती पोरे मुकाट्याने आपले गुडघे चाचपत. एकालाही माझा संशय आला नाही. सर स्वतःच्या तोंडाने खोटे बोलतच नसत. ते फक्त माझ्याकडे बोट दाखवत.

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात उन्नती आली. कोपरखैरणे गावातली, बारावी झालेली, सडपातळ आणि चटपटीत. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण लहानपणापासून डोक्यात खाकी भरली होती. मुलींना पोलीस शिपाई व्हायला एकशे पंचावन्न उंची लागते. मी फळीखाली एकशे छप्पन्न दाखवले.

“एक जास्तच आहे!” उन्नती ओरडली आणि मैत्रिणीच्या, संध्याच्या, गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी तिने नर्सिंगची जागा सोडून दिली.

पोरगी जीव तोडून मेहनत करायची. आठशे मीटर ती दोन मिनिटे चाळीस सेकंदांत मारत असे. गोळा फेकून फेकून तिच्या मानेखाली काळा डाग पडला होता. उंची टिकून राहावी म्हणून ती बारला लटकायची आणि उशी न घेता झोपायची. दर सोमवारी माझ्यासमोर उभी राहून वरचा आकडा बघायची आणि मला हात जोडायची. मी सुखावत असे.

भरतीला महिना राहिला असताना तिचे वडील अकादमीत आले. वामन त्यांचे नाव. सोसायट्यांमध्ये अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवायचे त्यांचे काम. अंगावर कामाचेच कपडे होते आणि हातात स्टीलचा टेप. हॉलमध्ये मुलींचा वर्ग चालू होता.

“सर, पोरीची उंची घरी येकशे चोपन भरते,” ते हळूच म्हणाले. “तीनदा मोजली. तुमच्याकडं छप्पन कशी?”

“कशानं मोजली?”

वामनने टेप पुढे केला. सरांनी तो हातात घेतला, हातभर ओढला आणि सोडून दिला. टेप फटकन आत गेला. “हा खिडक्या मोजायचा टेप झाला, काका. माणूस मोजायला ही लागते. वाचता येतं ना? काय लिहिलंय वर?”

मुली हसल्या. वामनने माझ्या कपाळावरची अक्षरे वाचली. “सरकारी हाय ते दिसतंय. पन सूतभर चुकलं तं काच बसत नाय, सर. माजा टेप चुकत नाय. येकदा हिला लावून बगतो.” आणि ते माझ्याकडे आले.

एक पाऊल राहिले होते. त्यांनी वाकून टेपचे टोक माझ्या पायाशी लावले असते तर सगळे तिथेच उघडे पडले असते. पण उन्नती उठून मध्ये आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

“पप्पा, बस झालं. सगळे बघतायत.”

“उन्नते, येक मिनिट गो...”

“जा म्हटलं ना तुमी! तुमाला काय कळतं यातलं?” तिने टेप त्यांच्या हातातून घेतला, त्यांच्या शर्टाच्या खिशात कोंबला आणि त्यांना दारापर्यंत ढकलत नेले.

वामन जिना उतरून गेले. वर्ग पुढे सुरू झाला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हा काही बोलले असते का? नाही. त्या मुलींसोबत मीही हसले असते. खिडक्यांचा टेप माझी बरोबरी करायला आला होता, याचाच मला राग आला होता.

भरतीच्या दिवशी उन्नती मैदानावर गेली ती रिक्षाच्या मागच्या सीटवर आडवी पडून. उभे राहिले, चालले की माणूस दबते, असे सरांनी सांगितले होते. सकाळी अकरालाच ती अकादमीत परत आली. पायातले धावायचे बूट जसेच्या तसे स्वच्छ होते.

“उंचीलाच थांबवलं,” ती संध्याला म्हणाली. “आधी उंची, मग धावणं. चोपन्न आली. मी अपील केलं. दुसऱ्या साहेबांनी दुसऱ्या पट्टीवर मोजलं. नीट बोलले, मान सरळ करायला सांगितली, पुन्हा मोजलं. चोपन्नच. संध्या, मला पळूच दिलं नाय गं.”

सर केबिनमधून बाहेर आले. “घाबरलीस. गुडघे वाकवलेस,” ते म्हणाले.

तिने गुडघे चाचपले नाहीत. नेहमीसारखी तिची मान हलली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा तिच्या हातात वडिलांचा टेप होता. तिने टोक माझ्या पाटावर टेकवले आणि टेप वर ओढला. टेपवर शंभर होते तिथे माझ्यावर एकशे दोन होते. मग ती गुडघ्यांवर बसली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्या पायाकडे बघत होती. वेल्डिंगच्या जाड रेघेला चिकटून माझा पहिला आकडा होता, दोन. ती नखाने रंग खरवडून शून्य शोधत राहिली. पुतळाबाईंनंतर माझ्या पायाला कोणी हात लावला नव्हता. मी लोखंडाची आहे, तरी मला तो हात सहन झाला नाही.

“सर, इथं शून्य कुठंय?”

सर शांतपणे चहा पीत जवळ आले. “जुनी पट्टी आहे. घासलं असेल.”

“घासलं नाय. कापलंय. तुमाला माहीत होतं?”

बाकीच्या मुली मागे जमल्या. सरांनी कप खिडकीत ठेवला. “दोन वर्षं दर सोमवारी हिच्यापुढे उभी राहिलीस. तुझा बाप टेप घेऊन दारात आला, त्याला तू हाकललंस. मी नाही हाकललं. पायाजवळचा आकडा तुला दिसला नाही, उन्नती. उद्या पोलीस होऊन तू काय तपास केला असतास?”

कोणीतरी मागे हसले. त्या हसण्यानेच तिला जास्त लागले असावे. तिने टेप गुंडाळला आणि ती खाली उतरली. खाली वामन स्कूटर सुरू ठेवून थांबले होते. दार उघडे असल्याने मला दोघांचे बोलणे ऐकू आले.

“पप्पा, टेप बरोबर होता.”

“मना म्हाईत हाय,” वामन म्हणाले. त्यांनी टेप घेऊन खिशात ठेवला. “बस. कामोठ्याला जायचंय.”

संध्या सांगत होती, नर्सिंगची जागा तिला पुन्हा मिळाली नाही. आता ती वडिलांबरोबर खिडक्या बसवायला जाते आणि टेपचे दुसरे टोक धरते. आठशे मीटर दोन मिनिटे चाळीस सेकंदांत मारणारी मुलगी खिडकीखालच्या स्टुलावर उभी असते. हे ऐकल्यापासून मला ‘लकी’ म्हटलेले नको वाटते. पण हे कोणाला सांगू?

उन्नती गेली त्याच दुपारी सरांनी रंगाचा डबा मागवला. माझ्या पायाजवळचा दोन पांढऱ्या रंगाने बुजवला आणि त्यावर काळ्या रंगात मोठे, गोल, सुबक शून्य काढले. वरचे आकडे तसेच ठेवले. नवे शून्य त्यांनी लांबून पाहिले आणि त्यांना ते पसंत पडले.

आज सकाळी जाई नावाची मुलगी आईला घेऊन आली आहे. फळी तिच्या डोक्यावर टेकली आणि मी एकशे पंचावन्न दाखवले. खरे एकशे त्रेपन्न आहेत. तिच्या आईने टाळ्या वाजवल्या. सर माझ्याकडे बोट दाखवत आहेत.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मी तसे सांगणार नाही. मला भंगारवाल्याला द्या. माझा दांडा कापा, आकडे वितळवा, पुन्हा कोणाच्या डोक्यावर ही फळी टेकू देऊ नका. आणि ते होईपर्यंत माझ्यासमोर कोणी उभे राहिलेच, तर त्याने वरचा आकडा बघण्याआधी एकदा खाली वाकून माझे पाय बघावेत. रंग ताजा आहे, नखानेसुद्धा निघेल.

जाई वाकली नाही. वाकले तर उंची कमी भरेल, अशी तिला भीती वाटत होती.