नववा दिवस

गल्लीच्या तोंडाशी आडवे बांबू सात, पाटी एक, हात धुवायचं पिंप एक आणि पहाऱ्याला माणसं दोन. त्यातला एक तुमिनीचा नवरा वागिमान. सातही बांबू त्यानंच काथ्यानं आवळले होते. साथ आल्यापासून मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरची खेडी अशीच बंद होती. बाहेर जाऊन आलेल्यानं चौदा दिवस रिकाम्या शाळेत राहायचं.

तुमिनीची आई साकियेम बकऱ्यांना गवत आणताना कसाव्याच्या शेताच्या बांधावर घसरली, त्याला आज नववा दिवस. राखेची ती जमीन ओली झाली की पाय ठरत नाही. म्हातारी डाव्या कुशीवर पडली ती उठलीच नाही. डावं पाऊल बाहेर वळलेलं.

पहिल्याच दिवशी हाडवैद्य म्बाह सुक्रो आला. त्यानं आलं-हळद चोळली, पाय धरून ओढला. "बसलं जागेवर," म्हणाला. म्हातारीनं उशीचं टोक दातांत धरलं होतं.

"सिम्बोक, दवाखान्यात जाऊया," तुमिनी आईला रोज म्हणायची.

"तिथं आधी नाकात काडी घालत्यात. मग प्लास्टिकात गुंडाळून, आंघोळ न घालता पुरत्यात. तूच सांगितलंस की मला."

सांगितलं होतं खरं.

आज सकाळी पाठ पुसताना फडक्याला कातडं चिकटून आलं. कमरेखाली तळहाताएवढी जखम. तुमिनी कोयता घेऊन थेट गल्लीच्या तोंडाशी गेली आणि वरच्या बांबूंचा काथ्या तोडायला लागली.

"डोकं फिरलं का तुजं? समद्या गावाचं हाय ते," वागिमान म्हणाला.

"डोलीला दोन लागत्यात. पाच ऱ्हातील तुमच्या गावाला, कांग." नवऱ्याला ती कांग म्हणायची.

"म्बाह म्हणलाय, चाळीस दिसांत चालंल."

"त्याला म्हणावं, माज्या आईच्या अंथरुणात चाळीस दीस पडून बघ. टोक धरताय, का पाटी वाचत बसताय?"

वागिमाननं टोक धरलं. दुसरा पहारेकरी मागून म्हणाला, "परत आलीस तर शाळा हाय बरं का."

"ऱ्हायलीच व्हती माजी शाळा. व्हईल पुरी."

दवाखान्यात खरंच आधी नाकात काडी घातली. म्हातारीला खोकला नव्हता, ताप नव्हता. तरी अहवाल पॉझिटिव्ह आला आणि मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया पुढं गेली. पुढचे एकवीस दिवस आई बंद वॉर्डात, लेक फाटकाबाहेर. एकदा नर्सनं फोन लावून दिला.

"तुमिनी, हे कायतरी पांढरं आणून ठेवलंय. प्लास्टिक हाय का गं?"

फाटकातून तुमिनीला नुसती भिंत दिसत होती.

"न्हाई सिम्बोक. चादर असंल ती. आज जेवलीस का?"

"भात कच्चा व्हता."

बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी तुमिनीला आत बोलावलं. "हाड वाकडं का होईना, जुळलंय. आता उघडलं तर साथीनं थकलेल्या या छातीला झेपणार नाही. पहिल्या दोन दिवसांत आणायला हवं होतं."

मग त्यांनी फीत घेतली आणि कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. उजवा शहात्तर सेंटीमीटर. डावा साडेएकाहत्तर.