निळीचं पाणी

मी रंगखान्याच्या मागच्या अंगणात आडवा पडलेला एक लोखंडी ड्रम बोलतोय. मला तोंड आहे, पण जीभ नाही. असती तर एका माणसाचे डोळे वाचले असते.

मी मूळचा तेलाचा. तेल संपलं तसा इथे आलो. माझं झाकण कापलं, कड हातोडीने ठोकून बोथट केली आणि मला नळाखाली उभं केलं. रंगवलेलं सूत माझ्यात खळबळून धुवायचं, हे माझं काम. सकाळी माझ्या पोटात लाल पाणी, दुपारी काळं. मला कधी त्याचं वाईट वाटलं नाही.

रंगखाना दोन भावांचा. मालकी थोरल्याची, कसब धाकट्याचं. धाकटा टाकीवर वाकून नुसता वास घ्यायचा आणि सांगायचा, "कॉस्टिक जास्त पडलंय," किंवा "अजून दहा मिनिटं राहू दे." त्याचं नाक कधी चुकलं नाही. हे नाक लक्षात ठेवा.

निळीच्या टाकीतलं पाणी निळं नसतं. ते हिरवट-पिवळं असतं. सूत वर काढलं, त्याला हवा लागली, की ते बघता बघता निळं होतं. यावरून रंगखान्यात एक रीत पडली होती. नवा कामगार आला की त्याला धरून त्याचे हात कोपरापर्यंत टाकीत बुडवायचे. बाहेर काढल्यावर तो बिचारा म्हणायचा, "काही झालं नाही की!" आणि बाकीचे हसू दाबून वाट बघायचे. मग हात निळे व्हायला लागायचे. याला 'निळा करणं' म्हणत. या खेळात धाकट्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

एकदा त्याने एका नव्या माणसाचं डोकंच टाकीत दाबलं. क्षणभरच. तो माणूस माझ्यावर ओणवा होऊन तोंड धूत राहिला. रडत होता. धाकटा त्याच्या पाठीवर थापा मारत म्हणाला, "रडतोस काय लेका, नवरदेव दिसतोयस!" महिनाभर तो माणूस तोंडाला फडकं बांधून आला. मग यायचाच बंद झाला.

पुढे काय झालं कोणास ठाऊक, पण धाकट्याच्या मनाला ते लागलं. तो त्या माणसाच्या खोलीवर गेला. खोली रिकामी होती. गल्लोगल्ली विचारत फिरला. सापडला नाही. आधी त्याचं हसणं थांबलं, मग दारू सुटली. चपला शिवणाऱ्याच्या दुकानाच्या वरच्या एका खोलीत दहाबारा माणसं प्रार्थनेला जमत. तिथल्या पाळकांकडे तो जाऊ लागला. ते जाणत्या माणसाला सबंध पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देत.

घर ख्रिस्तीच होतं. दोघा भावांच्या डोक्यावर तान्हेपणीच बाप्तिस्म्याचं पाणी पडलेलं. थोरला चर्चमध्ये लग्नाला जायचा आणि मयताला जायचा. त्याच्या मते तेवढं पुरे होतं.

"एकदा पाणी मिळालंय ना तुला? आता सबंध बुडायचं खूळ कुठून आलं?"

"तेव्हा मी झोपलेलो होतो, दादा. आता जागेपणी घ्यायचंय."

"मग इतकी वर्षं झोपेतच रंगवत होतास का?"

कामगार हसले. त्या दिवसापासून त्याचं नाव 'फादर' पडलं. "काय फादर, आज कोणाचं पाप भिजत घातलंय?" असं विचारल्याशिवाय कोणाची सकाळ होत नसे. त्यात त्याने आणखी एक केलं. कच्चा रंग पक्का म्हणून द्यायला तो नाही म्हणाला. थोरल्याने त्याला टाकीवरून काढून माझ्याजवळ धुण्याला बसवलं. त्याच्याच हाताखाली शिकलेले आता त्याच्या अंगावर सूत फेकत. तो ते उचलून धूत बसायचा. माणसं एखाद्याला सुधर म्हणून सांगतात आणि तो खरंच सुधारला की त्याच्यावर चिडतात, हे मी तेव्हा पाहिलं.

बुडायला जागा मिळेना. तलावावर रखवालदाराने काठी उगारली. मग धाकट्याने मला मागितलं, तर त्याच सकाळी थोरल्याने माझ्यात काळा रंग कालवून ठेवला. धाकट्याची बायको वैतागली. "अहो, लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, नवरा बुडला का म्हणून! पाळकांची उद्या बदली आहे ना? मग आज झालं तर झालं. नाहीतर या घरात पुन्हा बुडण्याचं नाव काढायचं नाही." त्याने तिला तसा शब्द दिला.

तो रविवार होता. नळाला सकाळी तासभर पाणी येई. त्याने मला आतून राखेने घासलं, तीनदा विसळलं आणि भरायला लावलं. अर्ध्याच्या थोडं वर पाणी आलं आणि नळ गेला. एवढ्यात माणूस बुडत नाही. तेव्हा ती वैतागलेली बायकोच घरात गेली आणि पिण्याच्या पाण्याची कळशी आणून माझ्यात ओतली. मग दुसरी. मग स्वयंपाकाचं पातेलं. "घ्या, आता चुळीपुरतंही घरात नाही," म्हणाली.

धाकटा कपडे बदलायला आत गेला. ती पाळकांना आणायला रस्त्यावर गेली. तेवढ्यात थोरला आला. त्याने निळीच्या टाकीतून बादली भरली आणि माझ्यात ओतली. एक, दोन, तीन. टाकीत कालच कॉस्टिक घातलं होतं, डोळ्यांत गेलं तर डोळे जाळणारं. माझं पत्र्याचं पोट आतून चुरचुरलं. दोन कामगार तोंडावर हात धरून भिंतीमागे उभे राहिले.

धाकटा आला. माझ्या कडेवर हात ठेवून वाकला. आणि थांबला.

वीस वर्षांचं नाक ते. त्याने मान वर करून थोरल्याकडे पाहिलं. थोरला आभाळाकडे बघत होता. नळ कोरडा होता. पाळक प्रार्थनेच्या माणसांना घेऊन दारात आले होते. बायको पदराने हात पुसत उभी होती आणि आज पहिल्यांदाच तिच्या कपाळावर आठी नव्हती.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "तुम्ही पाण्यात हात घालू नका. डोक्यावर ठेवा फक्त. बुडी मी मारतो."

पाळकांना वाटलं, लाजतोय.

तो माझ्यात उतरला, गुडघे मुडपून बसला आणि खाली गेला. त्याने डोळे गच्च मिटले होते. मी सांगतो, गच्च मिटले होते. तो वर आला. लोकांनी गाणं सुरू केलं. केसांतलं पाणी कपाळावरून ओघळून पापण्यांत शिरलं. हवा लागली आणि सगळ्यांच्या देखत त्याचा चेहरा हिरवट झाला, मग निळा. भिंतीमागचे दोघं खदखदून हसले. गाणं अर्ध्यावर थांबलं. मग तो ओरडला.

"पाणी! अरे, चांगलं पाणी द्या!"

बायको घरात धावली. कळशी रिकामी, पातेलं रिकामं. घरातलं थेंब न् थेंब पाणी माझ्यात होतं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलो नाही. शेजारून तांब्या येईपर्यंत फार वेळ गेला होता.

एक डोळा गेला. दुसऱ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

पाळक दुसऱ्या दिवशी बदलीच्या गावी गेले. ते तिथे सांगतात म्हणे, की देवाने त्याचे बाहेरचे डोळे घेऊन आतले दिले. ऐकणारे डोळे पुसतात. मी इथे होतो. तो तीन दिवस जमिनीवर डोकं आपटत होता.

तरी तो दर रविवारी भिंतीला हात लावत प्रार्थनेच्या खोलीवर जातो, सगळ्यांच्या आधी. बाकं पुसतो. जिन्यात कोणाचं पाऊल वाजलं की विचारतो, "तोंडावर निळा डाग असलेला कोणी पाहिलात का? मला त्याची माफी मागायचीय." डाग केव्हाच गेला असेल. आता तो माणूस त्याच्या शेजारी येऊन बसला, तरी याला कळायचं नाही.

महिन्याभराने थोरला त्याला माझ्यापाशी घेऊन आला. बराच वेळ पायाने माती उकरत राहिला.

"मी थट्टा केली रे. आपली नेहमीचीच."

"माहीत आहे, दादा."

"तुला वास आला होता ना?"

"आला होता."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

धाकट्याने चाचपत माझी कड धरली. "पाणी तेवढंच होतं, दादा."

थोरला रडेल असं मला वाटलं. तो रागाने लाल झाला. माफी मागायला यावं आणि ती आधीच मिळालेली असावी, हे कित्येकांना सोसत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला लाथ मारून आडवं केलं आणि अंगणाचं फाटक धाकट्याला बंद केलं. "आंधळा रंगारी माझ्या काय कामाचा?" असं कामगारांना म्हणाला. कोणी हसलं नाही. पण सगळे आपापल्या टाकीकडे वळले.

आता मी गंजतोय. कधीकधी प्रार्थनेची माणसं फाटकाच्या फटीतून मला बघायला येतात, बोट दाखवून हळू आवाजात बोलतात. मला पवित्र म्हणू नका. मी नुसता भरला गेलो, दोघाही भावांच्या हाताने. एवढीच विनंती आहे, येताना एक छिन्नी आणा आणि माझ्या बुडाला भोक पाडा. म्हणजे पुन्हा कोणाच्या घरातलं सगळं पाणी माझ्यात मावणार नाही.